रॉकेट उडवा, रोपालाही पाजा!

दोस्तांनो, रॉकेट उडवायला काय काय लागतं? दारू? आग? छे! थंड पेयाची एक लिटरची रिकामी बाटली, सायकलचा पंप आणि थोडंसं पाणी. बस्स!

तुम्ही म्हणाल, "पाणी? आणि आमच्या धाराशिव जिल्ह्यात?" बरोबर आहे. उन्हाळ्यात जिथे टँकरची वाट बघावी लागते, तिथे पाण्याचे खेळ कोण करू देईल? पण आपलं रॉकेट काटकसरी आहे, बरं का! त्याला पाणी किती द्यायचं, हेच तर आज शोधायचंय.

आधी रॉकेट बनवू. बाटली सोडा किंवा थंड पेयाचीच घ्या. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, ती दाब सोसत नाही. बाटली उलटी धरा. तोंडाजवळ पुठ्ठ्याचे तीन पंख सारख्या अंतरावर चिकटपट्टीने बसवा. वर आलेल्या बुडावर कागदाची टोपी चढवा आणि टोपीत लिंबाएवढा चिकणमातीचा गोळा ठेवा. गोरोबाकाकांच्या तेरचे आपण, मातीला काय तोटा! पुढे वजन आणि मागे पंख असले, की रॉकेट कोलांट्या न खाता सरळ जातं.

आता तोंडात घट्ट बसेल असं रबरी बूच घ्या. फुटबॉलमध्ये हवा भरायची पिन त्यातून आरपार घाला. हे काम मोठ्यांकडूनच करून घ्या. पिनेला पंपाची लांब नळी जोडा, बाटलीत पाणी घाला, बूच दाबून बसवा आणि तीन विटांच्या आधाराने रॉकेट उभं करा.

मारा पंप! पाण्यावरची हवा दाबली जाते. दाब वाढत जातो आणि बूच निसटतं. हवा पाण्याला जोरात खाली ढकलते, तेवढ्याच जोराने पाणी रॉकेटला वर ढकलतं. हाच न्यूटनचा तिसरा नियम!

मग बाटली काठोकाठ भरली तर? गंमत इथेच आहे. मग हवेला जागाच उरत नाही, आणि जोर तर हवेतच साठतो! नुसती हवा भरली तर खाली फेकायला जड काही नसतं. १५०, ३००, ५०० आणि ८०० मिलिलिटर पाणी घालून बघा. बाकी काही बदलू नका. रॉकेट किती सेकंद हवेत राहिलं, ते वहीत लिहा. साधारण तिसरा हिस्सा पाणी असताना उड्डाण झकास होतं. जास्त पाणी म्हणजे जास्त उंची नव्हे!

एखादं उड्डाण फसलं तर हिरमुसू नका. १० ऑगस्ट १९७९ रोजी भारताचं एसएलव्ही-३ रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. दोष निघाला एका झडपेत! तो शोधून दूर केला आणि १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या रॉकेटने 'रोहिणी' उपग्रह कक्षेत सोडला. त्या वेळी तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते आपले मराठी शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर. पुढे मान्सूनच्या अंदाजाचं १६ घटकांचं गणित मांडणारेही तेच! तुमचं बूच गळलं, तर तुम्हीही तसाच दोष शोधा.

आता नियम. सोबत मोठं माणूस हवंच. जागा मोकळी हवी. ज्वारी काढलेलं रान उत्तम, पण वर विजेच्या तारा नकोत. रॉकेटवर कधीही वाकू नका. उडालं नाही, तर जवळ जाण्याआधी लांबूनच पंपाची नळी सोडवून हवा जाऊ द्या. चिरलेली बाटली पुन्हा वापरू नका.

आणि विटा मांडा बांधावरच्या लहानशा रोपाच्या आळ्यालगत. उडताना सांडलेलं बरंचसं पाणी रोपालाच मिळेल. चारही प्रयोगांचं मिळून पाणी होतं पावणेदोन लिटर. त्यातलं सगळ्यांत कमी पाणी घेऊन सगळ्यांत उंच कोण जातं, लावा पाहू शर्यत!