आंबट मातीची राखण

पहाटे साडेपाच. जुलैचा पहिला आठवडा, मध्य न्यू जर्सी. उजाडलंय, पण हवेत अजून गारवा आहे आणि मला तोच हवा असतो. गारव्यात जपानी भुंगे सुस्त असतात. ब्लूबेरीच्या फांदीखाली साबणाच्या पाण्याचं भांडं धरायचं आणि वरून टिचकी मारायची. ते उडत नाहीत, टपटप खाली पडतात. ऊन तापल्यावर हेच करायला गेलं तर निम्मे शेजाऱ्यांच्या गुलाबावर जाऊन बसतात. हिरव्या मानेचा, तांबूस पाठीचा हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो याच राज्यात, १९१६ साली, रिव्हरटनजवळच्या एका रोपवाटिकेत. त्याच वर्षी, त्याच बर्लिंग्टन काउंटीत, व्हाइट्सबॉग इथून एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉव्हिल यांनी लागवडीच्या ब्लूबेरीचा पहिला माल बाजारात धाडला. पीक आणि त्याचा वैरी एकाच गावकुसात, एकाच साली!

सव्वासहा. झुडपांच्या बुडाशी पाइनच्या सालीचं चांगलं चार बोटं जाड आच्छादन आहे. त्यात बोट खुपसून ओल बघायची. वरून कोरडं दिसलं तरी आत ओल असते, कधी उलटंही असतं. ब्लूबेरीची मुळं वरच्या फूटभर मातीतच पसरतात, आणि इतर झाडांच्या मुळांना असतात तशी केसासारखी बारीक मूलरोमं त्यांना नसतात. त्यामुळे चार दिवस पाऊस नसला की झुडूप लगेच सुकायला लागतं. आठवड्याला इंचभर पाणी लागतंच, फळ भरताना त्याहून जास्त. पन्हाळीखाली ठेवलेल्या पिंपातलं पावसाचं पाणी आधी यांना, नळाचं पाणी टोमॅटोला. चुन्याचा अंश असलेलं नळाचं पाणी वर्षानुवर्षं दिलं की माती हळूहळू गोडावत जाते, आणि ब्लूबेरीला माती आंबटच हवी.

सात. सासूबाई चहाचा कप घेऊन बाहेर येतात. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांच्या परसात कढीपत्ता, जास्वंद, पेरू सगळं सुखानं नांदतं, त्यामुळे माझी बाग त्यांना बघवत नाही.

"खुरपं कुठं ठेवलंयस? मातीला हवा लागू दे की जरा."

"आई, याला खुरपं लावायचं नाही. मुळं तुटतील."

"मग चुलीतली राख तरी घाल. ती मांस भाजायची चूल आहे ना तुमची."

राख नको. अंड्याची टरफलंही नकोत. बुडाशी आळं करून पाणी तुंबवायचं नाही, ताजं शेणखत घालायचं नाही. आपण लहानपणापासून जी बागकामाची शिस्त शिकलो, ती जवळपास सगळी या झाडासाठी उलटी करावी लागते. मातीचा सामू हवा साडेचार ते पाच. सात म्हणजे ना आंबट ना गोड, आणि राख आणि टरफलं माती त्याच दिशेनं ढकलतात. सामू वाढला की मातीत लोह असूनही झुडपाला ते घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे दिसलं की लोक खतावर खत ओततात. खरा इलाज गंधक. तोही लागवडीच्या वर्षभर आधी मातीत मिसळलेला बरा, कारण मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, आणि त्यांना वेळ लागतो, ऊबही लागते. व्हिनेगर ओतण्याचा उपाय चार दिवसांचा. चहाचा चोथा माती आंबट करतो हेही ऐकीवच. वापरलेल्या चोथ्यात तेवढी आम्लता उरत नाही. पण तो आच्छादनात घातला तर बिघडत काही नाही, म्हणून सासूबाईंना तेवढी मोकळीक आहे.

नऊ. जाळी. फळं निळी व्हायला लागली की रॉबिन, स्टारलिंग आणि मांजरासारखा म्याव करणारा कॅटबर्ड तिघंही हजेरी लावतात. जाळी थेट झुडपावर टाकली तर पक्षी वर बसून आरपार चोच घालतो, आणि जाळी काढताना पिकलेली फळं ओरबाडून निघतात. म्हणून वाकवलेल्या पाइपांचा मांडव घातलाय. जाळी त्यावर ताणून, कडा जमिनीला खिळ्यांनी पक्क्या केल्या आहेत. सैल जाळीत पक्षी अडकतात, गवतातले बिनविषारी साप तर फारच. रोज एक फेरी त्यासाठीच. बाग माझी असली तरी कॅटबर्डच्या मरणाचं पाप मला नको.

अकरा. तोडणी. अंगठ्यानं हलकेच लोटलं की आपसूक हातात येतं ते पिकलेलं. देठापाशी लालसर छटा असेल तर अजून दोन-तीन दिवस. निळा रंग आधी येतो, गोडी मागून. ड्यूक जातीचा बहार ओसरलाय, ब्लूक्रॉप भरात आहे, एलियट अजून हिरवीगार. वेगवेगळ्या जाती जवळ लावल्या की मधमाश्यांकरवी परागीभवन होऊन फळ मोठं धरतं, आणि हंगामही लांबतो. कोपऱ्यात रुबेल आहे, तिची फळं बारीक पण चव दाट. ही कोणा प्रयोगशाळेतली नव्हे, रानातली जात. व्हाइटबाईंनी रानात फिरणाऱ्या माणसांना पाच-अष्टमांश इंचाचं माप देऊन, त्याहून मोठ्या फळाचं झुडूप दाखवणाऱ्याला पैसे कबूल केले होते. रूब लीक नावाच्या माणसानं हे झुडूप दाखवलं, त्याचंच नाव तिला मिळालं.

सासूबाई खुर्ची टाकून बसतात आणि ताटात बेऱ्या निवडतात. सुरकुतून राखाडी झालेली, दगडासारखी कडक फळं वेगळी. ती बुरशीची. जमिनीवर राहिली तर तीच बुरशी पुढच्या वसंतात कोवळ्या पालवीवर चढते. अशी फळं खतात नाही, थेट कचऱ्यात जातात. या कामात त्यांचा हात मला धरता येणार नाही.

दुपार. फळं न धुता फ्रिजमध्ये. वरचा पांढरट मेणचट थर धुतला गेला की ती लवकर मऊ पडतात. खायच्या वेळी धुवायची.

तीन. मूठभर फळं मिठाच्या पाण्यात. एक बारीक माशी आहे, ठिपक्यांच्या पंखांची, २००८ मध्ये कॅलिफोर्नियात सापडली आणि तीन वर्षांत न्यू जर्सीत आली. तिच्या जातकुळीतल्या बहुतेक माश्या सडक्या फळावर जातात. हिची मादी मात्र करवतीसारख्या दातेरी अवयवानं चांगल्या फळाची साल चिरून आत अंडी घालते. पक्ष्यांची जाळी तिला दिसतही नाही, मिलिमीटरभर छिद्राची लागते. अर्धा तास थांबले. पाण्यात अळ्या नाहीत. जुलै संपता संपता दिसतील. तोवर दर दोन-तीन दिवसांनी तोडणी आणि खाली पडलेलं फळ उचलणं, घरच्या बागेत हेच सगळ्यात भरवशाचं.

रात्री नऊ. निफाडहून भाच्याचा फोन. तिकडे सकाळचे साडेसहा, बागेत जायच्या आधी.

"आत्या, कुंडीत लावली तर येईल का ग इकडं?"

जमिनीत नाही, म्हणाले. आपली काळी माती चुनखडीची, गंधक घालून घालून दमशील. कुंडीत पीट आणि पाइनची साल भरून बघता येईल, पण माझ्याकडच्या जाती चालणार नाहीत. त्यांना हिवाळ्यात आठशे-हजार तास थंडी लागते. फ्लोरिडासारख्या गरम भागासाठी काढलेल्या, कमी थंडीवर फळणाऱ्या जाती बघ. गंधकाची पोती त्याच्याकडे आहेतच, द्राक्षावरच्या भुरीसाठी. पण पाण्याचं काय?

पाच मिनिटांत त्यानं विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल पाठवला. सामू ८.१. खाली लिहिलं होतं, "ठिबकमधून ॲसिड सोडतोच आम्ही. दोन कुंड्या लावतो."