सेकंदाला १३० वेळा

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया काढणाऱ्या भट्ट्या आहेत. अशाच एका कारखान्यात उमेदीची वर्षं काढलेल्या काकांना आता भट्टीच्या आसपासही फिरकायची मनाई आहे, असं कळलं आणि मी त्यांच्या घरी गेले. पार्किन्सन्ससाठी मुंबईत त्यांच्या मेंदूत दोन बारीक तारा बसवल्या आहेत आणि गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, बॅटरीची डबी. भट्टीभोवतीच्या तीव्र विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे तिच्यात बिघाड होऊ शकतो.

"सेकंदाला १३० वेळा," काकू म्हणाल्या. तितक्या वेळा ती डबी मेंदूला विजेचा हलका ठोका देते. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला आलीम-लुई बेनाबिद यांना १९८७ साली दिसून आलं, की सेकंदाला शंभराहून जास्त ठोके दिले की हाताचा कंप थांबतो. काकांचा उजवा हात आज मांडीवर स्वस्थ आहे तो त्यामुळे.

ऑपरेशन झालं, टाके निघाले, काही आठवड्यांनी यंत्र सुरू झालं. काकूंचं काम मात्र सुरूच आहे. सकाळी उठल्यावर त्या आधी काकांच्या कानामागे बघतात. तिथून मानेकडे उतरणारी तार कातडीखाली हाताला लागते. तिच्यावरून त्या बोट फिरवतात, न दाबता, भाजी कोणती करायची ते बोलत बोलत. लाली आहे का, कुठे गरम लागतंय का, ओल आहे का. "जंतू शिरला तर समदं काढावं लागंल, म्हन्ले डॉक्टर." माझी नजर पुन:पुन्हा त्या बोटाकडे जात होती. इतकं सवयीचं आणि इतकं सावध बोट मी पाहिलं नव्हतं.

गोळ्या कमी झाल्यात, सुटलेल्या नाहीत. लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या बऱ्याच आधी द्यायची, कारण वरणातली-दुधातली प्रथिनं तिच्या शोषणात अडथळा आणतात. "आधी गोळी चढली की अंग नाचायचं, उतरली की लाकूड व्हायचं," काकू सांगतात. आता नाचणं जवळजवळ थांबलंय. उंबऱ्यापाशी पाय अजून अडतो. तिथे त्यांनी जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्यात. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचलतं.

मध्यंतरी काकांची पाठ धरली. शेजाऱ्यांनी मशीनचा शेक घ्यायला सुचवलं. काकूंनी साफ नकार दिला, आणि त्यांचंच बरोबर होतं. अशा मशीनच्या शेकाची, म्हणजे डायथर्मीची, ऊर्जा तारेतून थेट मेंदूत उतरू शकते. अशा शेकाने एका रुग्णाच्या मेंदूला कायमची इजा झाल्याची नोंद २००१ साली वैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे. कानामागची तार, पाठीचा शेक, हा संबंध घरातल्या माणसाने ध्यानात ठेवायचा, तोही आयुष्यभर.

म्हणून यंत्राचं आणि सर्जनचं कौतुक ऐकताना मला काकूंची दोनशे पानी वही आठवते. गोळी किती वाजता दिली, कधी उतरली, झोप कशी लागली, कुठे तोल गेला, सगळं तिच्यात आहे. तपासणीच्या खोलीत काका डॉक्टरांना थोडा वेळ दिसतात. मधले महिने वहीत असतात, आणि यंत्र किती वाढवायचं-उतरवायचं ते त्यावरून ठरतं. हे काम उपचाराचाच भाग आहे. पण त्याला ना पद आहे, ना पगार, ना सुट्टी.

सध्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत नाही. करंट वाढवला की हात अगदी शांत राहतो, पण काकांचं बोलणं जड होतं, शब्द एकमेकांत मिसळतात. काकांना हात हवा आहे. स्वतःच्या हाताने, न सांडता चहा प्यायचा आहे. काकू म्हणतात, "हात हलला तर हलू द्या. कप मी धरीन. बोललेलं कळाया पायजे." सेकंदाला १३० तसेच ठेवून करंट थोडा उतरवून बघता येईल, असं डॉक्टर म्हणालेत. पुढच्या भेटीसाठी काकूंनी वहीत आपलं म्हणणं लिहून ठेवलंय आणि खालचं अर्धं पान काकांसाठी सोडलंय.