शिकवणारं कोण आहे?

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक झाली. हप्ते लिहून झाले, चहा आला, आणि एका ताईने वेगळाच विषय काढला. तिची मुलगी बारावी झाली. बास्केटबॉल खेळते, उंच आहे. खेळात नावाजलेल्या नागपुरातल्या एका कॉलेजातच जाते म्हणून अडून बसली. ताई म्हणाली, "नाव मोठं आहे म्हणते पोरगी. पण हे नाव होते कशानं?"

बायकांनी भराभर उत्तरं दिली. मैदान मोठं असेल, जुनं कॉलेज असेल, कपाटात ढाली असतील. मी म्हटलं, शिकवणारं कोण आहे ते आधी विचारा. मैदान सिमेंटचं असतं, ते कोणाला काही शिकवत नाही.

आपल्या विदर्भाचंच उदाहरण घ्या, क्रिकेटचं आहे पण ओळखीचं आहे. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळतो. बरीच वर्षं तो खालच्या गटात होता. मोठे संघ आपल्यावर सहज गुण मिळवून जायचे. पुढे नागपुरात अकादमी झाली, पोरं घडू लागली, वसीम जाफरसारखा मोठा खेळाडू मुंबईहून इकडे आला. तरी करंडक काही येत नव्हता. २०१७ मध्ये विदर्भ क्रिकेट असोसिएशनने चंद्रकांत पंडित यांना प्रशिक्षक नेमलं. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईचा संघ त्यांच्या हाताखाली इंदूरला अंतिम सामना हरला होता आणि मुंबईने त्यांना पुढे ठेवलं नव्हतं. माणूस शिस्तीचा कडक, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभरात, १ जानेवारी २०१८ ला, त्याच इंदूरच्या मैदानावर विदर्भाने दिल्लीला हरवलं. साठ वर्षांत पहिल्यांदा करंडक नागपूरला आला. पुढच्या वर्षी जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला हरवून दुसऱ्यांदा.

आता कोणी म्हणेल, पंडितांनी जादू केली. मला तसं वाटत नाही. अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी, शतक करणारा अक्षय वाडकर, कप्तान फैज फजल, ही पोरं आधीपासून इथलीच होती. बियाणं होतं, वाफसा होता, पेरणारा हात वेळेवर आला. नुसता हात आणून रिकाम्या वावरात काय उगवणार?

खरी परीक्षा पुढे होती. २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशकडे गेले आणि २०२२ मध्ये त्यांनाही पहिला रणजी करंडक मिळवून दिला. विदर्भाचं काय झालं? दोन-चार वर्षं करंडक नाही. मग उस्मान गनी प्रशिक्षक झाले. ते विदर्भाकडूनच खेळलेले, घरचेच. २०२४ मध्ये संघ अंतिम सामन्यात मुंबईकडून हरला, पण २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर जिंकला. कप्तान होता तोच अक्षय वाडकर. शतक ठोकणारा करुण नायर कर्नाटकातून आपल्याकडे आला होता. पूर्वी चांगली पोरं बाहेर जायची, आता बाहेरची इकडे येतात. संघाचं नाव झालं म्हणतात ते हे.

आपल्याकडेही असंच होतं ना? ग्रामसंघात एखादी सीआरपी ताई हुशार असते, सगळं वह्यांसकट तिच्या डोक्यात. ती लग्न होऊन गेली की दोन महिने कर्जफेड कळत नाही. दुसरी ताई जाण्याआधी तिघींना वही शिकवून जाते.

आता बाईचं उदाहरण, तेही बास्केटबॉलचंच. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाला मोठा मान आहे. १९७२ मध्ये तिथे कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलींना डावलायचं नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी टेनेसी विद्यापीठाने मुलींच्या संघासाठी पॅट समिट नावाच्या २२ वर्षांच्या मुलीला प्रशिक्षक नेमलं. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी तीच चालवायची, मुलींचे गणवेश तीच धुवायची. गणवेशाचे पैसेही गोड वडे विकून जमवलेले! (हे वाचलं तेव्हा मला आपले पापडाचे स्टॉल आठवले.) पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला १३ वर्षं लागली, १९८७ उजाडलं. आपल्याकडची संस्था इतकी थांबली असती का, मला शंका आहे. पुढे मात्र ८ विजेतेपदं आली, १,०९८ सामने जिंकले. आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच: जी मुलगी तिच्याकडे पूर्ण काळ खेळली, ती पदवी घेऊनच बाहेर पडली. एकही सुटली नाही. म्हणून आईबाप लांबून मुली पाठवायचे. आजारपणामुळे २०१२ मध्ये तिने काम सोडलं. त्या संघाचं नाव आजही मोठं आहे, पण २००८ नंतर विजेतेपद आलेलं नाही.

आपल्याकडे अडचण वेगळी. मी कॉलेजात खो-खो खेळायचे. पहिल्या वर्षी आम्हाला एक मॅडम होत्या, कंत्राटावर. सकाळी सहाला मैदानात हजर. त्या गेल्या, जागा भरलीच नाही. फलकावर संघाचं नाव होतं, सराव नव्हता. तिसऱ्या वर्षी आम्ही सातजणीच उरलो. माझ्या घरच्यांनी तेव्हा म्हटलं, मॅडम नाहीत तर जायचं कशाला. त्यांचंही चुकलं नव्हतं.

म्हणून त्या ताईला मी काही गोष्टी विचारायला सांगितल्या. शिकवणारे कायम आहेत की वर्षाच्या कंत्राटावर? शिकले कुठे? शारीरिक शिक्षणाची पदवी असते, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम असतो. आपल्या शेजारी अमरावतीला १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, तिथूनही शिक्षक तयार होतात. गेल्या तीन वर्षांत खेळणाऱ्या किती मुलींनी पदवी पूर्ण केली? बाहेरगावी स्पर्धेला जाताना सोबत बाई कोण असते?

शेवटचा प्रश्न विचारायला आपण लाजतो. लाजू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा जो कायदा आहे, त्यात खेळाच्या संस्था, मैदानं आणि स्पर्धेची ठिकाणंही येतात. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. तिच्यावर कोण आहे, नावं कुठे लावली आहेत, हे कार्यालयात विचारता येतं.

आणखी एक. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कुठल्याही स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याला चालत नाही. "नोकरी पक्की" असं प्रवेशाच्या वेळीच सांगणारा कोच भेटला तर जरा सांभाळून.

ताई मुलीला घेऊन गेली. कार्यालयात न जाता आधी सकाळी सराव बघायला गेली, हे तिचं डोकं, माझं नाही. दीड तास कठड्यावर बसली. संध्याकाळी मला फोन आला: "मॅडम वेळेवर आल्या. पण त्यांचा करार मार्चमध्ये संपते म्हणे. पुढं कोण येणार ते प्राचार्यांना विचारायला सोमवारी परत जाऊन राहिली."