पेटीवरचा पहारा

१९ एप्रिल २०२४ रोजी गडचिरोली-चिमूरमध्ये लोकसभेचे मतदान झाले. अहेरी, भामरागडकडच्या रानातल्या कित्येक केंद्रांवर माणसे आणि यंत्रे हेलिकॉप्टरने न्यावी लागली. चंद्रपूरला मी मराठी शिकवतो, तिकडचाच एक विद्यार्थी मला म्हणाला, “सर, पेटीवर पोलीस आहेत. पण पेटीच्या डोक्यात काय भरले आहे, त्यावर कोण?”

प्रश्न वेडगळ नाही. १९५१ साली गोदरेजने विक्रोळीला पहिल्या निवडणुकीसाठी पोलादी पेट्या केल्या, तेव्हा कुलूप आणि लाख शाबूत असली की भागत असे. यंत्राला मात्र हुकूम लिहून द्यावे लागतात, आणि लिहिणारा कुणाचा मिंधा आहे हे बाहेरून दिसत नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याची गंमत पाहा. मतदार-नोंदणीची व्यवस्था सांभाळणाऱ्या कंत्राटदार कंपनीत एका रशियन धनिकाचा पैसा आहे, हे त्या राज्याला २०१८ मध्ये केंद्रीय तपास खात्याकडून कळले! मालकी मध्येच बदलली होती आणि राज्याला पत्ता नव्हता. गैरप्रकार आढळला नाही, हे नशीब.

आपल्याकडे हे काम बाजारात मांडलेलेच नाही. यंत्रे बनवतात दोन सरकारी कंपन्या: बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स, संरक्षण खात्याखालची, आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन, अणुऊर्जा खात्याखालची. प्रोग्रॅम त्यांचेच इंजिनियर लिहितात. यंत्राला इंटरनेट नाही. चिप तेवढी परदेशी कंपन्यांकडून घ्यावी लागली. पण तीत एकदा लिहिलेले बदलता येत नाही, असे निवडणूक आयोग सांगतो. शिवाय कागदाची चिठ्ठी आहेच. ७ सेकंद काचेआड दिसते आणि पेटीत पडते.

२६ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येईल, असे ठरवले. तपासणार कोण? बनवणाऱ्या कंपनीचेच इंजिनियर! मुलाचा पेपर बापाने तपासावा तसे हे. बाप प्रामाणिक असेलही. तरी आम्ही परीक्षेला त्याला परीक्षक नेमत नाही. माझ्या मते शेजारी आयआयटीचा एखादा प्राध्यापक बसवावा. खर्चाची अडचण नसावी. तो अर्जदार उमेदवारानेच द्यायचा आहे, आणि लबाडी सापडली तरच त्याला परत मिळायचा आहे.