बँकॉकच्या बाजारपेठेत भाड्याच्या स्कूटरवरून

परदेशी गेलेला व्यापारी बहुधा हॉटेल, टॅक्सी आणि दुकान यांपलीकडे शहर पाहत नाही. आमचेही आजवर तसेच होत आले. नवागामात स्थिरावलेल्या अनेक खानदेशी कुटुंबांप्रमाणे आमचेही निम्मे आयुष्य सुरतेच्या रिंगरोडवरील कापडबाजारात दुचाकीवर गेले. डिसेंबर २०२४ मध्ये सुरतेहून बँकॉकला थेट विमान सुरू झाले, तेव्हा पुढील वर्षी आम्ही दोघे भागीदार साड्यांचे नमुने घेऊन निघालो, ते हे शहर स्कूटरवरून पाहण्याचा निश्चय करूनच.

पहिल्याच दुकानदाराने अनामत म्हणून पारपत्र मागितले. परमुलखात पारपत्र गहाण टाकणे म्हणजे दुकानाच्या किल्ल्या अनोळखी माणसाच्या हाती देणे होय. आम्ही नम्रपणे नकार दिला. दुसऱ्या दुकानी पारपत्राची छायाप्रत आणि रोख अनामत यांवर काम भागले. गाडी ताब्यात घेताना तिच्यावरील प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र आम्ही काढून ठेवले. माल उतरवून घेताना तागा उलगडून पाहण्याची आपली रीत येथेही उपयोगी पडली. परत करतेवेळी एका जुन्या ओरखड्यावरून निघालेला वाद त्या छायाचित्रांनी क्षणात मिटविला.

तेथेही वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात. मात्र द्रुतगती मार्गांवर दुचाकींस बंदी आहे. याओवरात हा चिनी वस्तीतील गजबजलेला रस्ता एकदिशा असल्यामुळे एक वळण चुकले की मोठा वळसा पडतो. तसे वळसे आम्हांस दोनदा पडले.

फाहुरात येथील भारतीय कापडाचा बाजार आणि शेजारची साम्पेंग गल्ली आम्ही गाडी बाहेर लावून पायी पाहिली. त्या अरुंद गल्लीत हातगाड्या आणि दुचाकी गर्दीतून वाट काढीत माल पोहोचवीत होत्या. मोठी गाठ येथे अडचणीची, लहान पार्सलच सोयीचे, हे तेथे उभे राहिल्यावर आम्हांस उमगले. टॅक्सीतून ते कधी दिसले नसते.

आता मुख्य गोष्ट. आमच्या भागीदारांपाशी केवळ मोटारीचा परवाना होता; म्हणून सर्व दिवस ते मागेच बसले. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना येथील परिवहन कार्यालयातून निघण्यापूर्वी घ्यावा आणि त्यात मोटारसायकल वर्गाची नोंद आहे की नाही, ते पाहावे. वैध परवान्याविना अपघात झाल्यास विमा कंपनी बहुधा दावा नाकारते, आणि परदेशातील इस्पितळाचा खर्च सारा हंगाम गिळून टाकू शकतो. सर्व देशांत एकच नियम नाही: भारताचा हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारान्वये असतो, व्हिएतनाम १९६८ चा व्हिएन्ना करार मानतो, तेथे तो चालत नाही.

आमच्या तरुण सभासदांनी अवश्य जावे, शहर डोळसपणे पाहावे. परंतु सौद्याप्रमाणेच प्रवासातही आधी कागद, मग चाक, हा क्रम सोडू नये.