स्वादुपिंडाचा कर्करोग : जनुकीय उत्परिवर्तने आणि रुग्णाचा जीवितकाल

प्रस्तावना :

गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या स्वादुपिंडाच्या आजाराचे निदान फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले आणि १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. ‘ॲपल’चे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांच्या स्वादुपिंडात २००३ मध्ये गाठ आढळली, त्यांचा मृत्यू २०११ मध्ये झाला. जॉब्स यांची गाठ संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींची होती. हा प्रकार विरळा व तुलनेने मंदगती असतो. बहुसंख्य रुग्णांत मात्र पाचकरस वाहणाऱ्या नलिकांच्या पेशींत कर्करोग उद्भवतो. प्रस्तुत लेखात या घातक प्रकाराचा विचार केला आहे.

जनुकीय उत्परिवर्तने :

‘केआरएएस’ हे जनुक पेशीविभाजनाची कळ होय. सुमारे ९० टक्के रुग्णांच्या गाठीत या जनुकात उत्परिवर्तन आढळते व कळ सतत चालू राहते. पुढे ‘टीपी५३’, ‘सीडीकेएन२ए’ आणि ‘एसएमएडी४’ ही वाढीला आवर घालणारी जनुके निकामी होतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पहिल्या उत्परिवर्तनापासून मूळ कर्कपेशी तयार होण्यास किमान १० वर्षे, तर तिला अन्यत्र पसरण्याची क्षमता येण्यास आणखी किमान ५ वर्षे लागतात. त्यानंतर रुग्ण सरासरी २ वर्षे जगतो. म्हणजेच रोगाला पुरेसा अवकाश असतो. निदानाला तो मिळत नाही.

बहुतेक उत्परिवर्तने जन्मानंतर घडतात. तथापि सुमारे ५ ते ७ टक्के रुग्णांत ‘बीआरसीए’ जनुकांतील दोष वारशाने आलेला असतो. अशा निवडक रुग्णांना ओलापॅरिब दिल्यास रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ३.८ वरून ७.४ महिन्यांवर जातो, असे २०१९ मध्ये दिसून आले. एकूण आयुष्यात मात्र लक्षणीय वाढ आढळली नाही.

जीवितकाल ठरविणारे घटक :

निदानसमयीची अवस्था हा सर्वांत प्रभावी घटक होय. केवळ १५ ते २० टक्के रुग्णांत शस्त्रक्रिया शक्य असते. शस्त्रक्रियेनंतर चार औषधांची संयुक्त रसायनोपचार पद्धती वापरल्यास मध्यक आयुष्य ५४.४ महिने, तर एकाच औषधाने ३५ महिने, असे २०१८ मधील चाचणीत आढळले. रोग पसरलेल्या रुग्णांत हेच आकडे अनुक्रमे ११.१ व ६.८ महिने होते (२०११). लसिकाग्रंथींतील प्रसार, शस्त्रक्रियेच्या कडेला उरलेल्या कर्कपेशी आणि रुग्णाचे पोषण यांचाही परिणाम होतो.

स्थानिक संदर्भ व निष्कर्ष :

खुलताबाद तालुक्यातील रुग्णासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. परंतु रुग्ण तेथे केव्हा पोहोचतो, यावर बरेच अवलंबून असते. वेदनारहित कावीळ दिसताच घरगुती उपायांत आठवडे दवडणे घातक ठरते. वजनातील अकारण घट आणि पन्नाशीनंतर अचानक उद्भवलेला मधुमेह यांचीही वेळीच तपासणी व्हावी. रुग्णाची वारसागत जनुकचाचणी केल्यास त्याच्या भावंडांना व अपत्यांनाही सावध करता येते. तंबाखूचे धूम्रपान टाळणे हा तर प्रत्येकाच्या हातातील उपाय आहे. सारांश, जनुकांचे ज्ञान उपचाराची दिशा दाखविते. परंतु त्याचा लाभ मिळण्यासाठी रुग्ण वेळेवर दवाखान्यात पोहोचला पाहिजे.