वर्गात समुद्राचा तळ, तोही लाइव्ह

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, जिथे असाल तिथे हेडफोन नीट लावा. आणि वाचणाऱ्यांसाठी हा भाग लिहूनही देतोय, मधले ‘अं... म्हणजे...’ काढून.

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. मागे सुट्टीत गेलो तर म्हणाली, “कॉम्प्युटरवाला ना तू? मग पोरांना दाखव की काहीतरी!” शाळेचा प्रोजेक्टर, माझ्या फोनचा हॉटस्पॉट, आणि लावलं ‘नॉटिलस लाइव्ह’. पॅसिफिकमध्ये एक संशोधन जहाज, त्याच्या खाली समुद्रतळावर फिरणारा रोबो, आणि त्याचा कॅमेरा थेट आपल्या पडद्यावर.

पहिली पंचवीस मिनिटं नुसता चिखल. खरंच, चिखल. मला घाम फुटला. पण पोरं हलेनात! “सर, तो ठिपका बघा”, “तो दगड नाही, हलला तो”. मग एक समुद्री काकडी आली आणि वर्गात जो कल्ला झाला, तो रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला कधीच झाला नसता. कारण पुढच्या क्षणी काय दिसणार हे मला माहीत नव्हतं, मावशीला नव्हतं, आणि जहाजावरच्या शास्त्रज्ञांनाही नव्हतं. पुस्तकातल्या प्रयोगाचं उत्तर पुढच्याच ओळीत छापलेलं असतं. इथे ते कुठेच छापलेलं नाही.

ही कल्पना जुनी आहे बरं का. रॉबर्ट बॅलार्ड यांच्या टीमला १९८५ मध्ये टायटॅनिक सापडलं, त्यानंतर त्यांना शाळकरी मुलांची हजारो पत्रं आली: पुढच्या वेळी आम्हाला नेणार का? एवढ्या पोरांना बोटीत कुठे बसवणार! म्हणून १९८९ मध्ये त्यांनी ‘जेसन प्रोजेक्ट’ सुरू केला. मुलं संग्रहालयांमध्ये जमायची आणि भूमध्य समुद्रातली मोहीम उपग्रहावरून थेट बघायची. नॉटिलस हे जहाजही त्यांच्याच संस्थेचं.

आता माझा आवडता भाग, हे चालतं कसं? रेडिओ लहरी समुद्राच्या पाण्यात जेमतेम शिरतात, म्हणून रोबोपासून जहाजापर्यंत चक्क केबल असते, आत ऑप्टिकल फायबर. जहाजावरून सिग्नल उपग्रहाकडे, तिथून जमिनीवर, मग इंटरनेटवर. उपग्रह ३६,००० किलोमीटर वर असेल, तर नुसतं वर जाऊन खाली यायलाच साधारण पाव सेकंद लागतो. हे मी फळ्यावर मांडलं आणि सातवीच्या पोरांनी भागाकार स्वतः केला: ७२,००० भागिले ३,००,०००. गणिताच्या तासाला हीच पोरं भागाकार दिसला की पाणी प्यायला जातात.

दुसरं उदाहरण सांगतो. २०१८ मध्ये याच जहाजाच्या टीमला कॅलिफोर्नियाजवळ, डेव्हिडसन नावाच्या समुद्री डोंगरापाशी, सुमारे ३,२०० मीटर खोलीवर हजाराहून जास्त ऑक्टोपस अंडी उबवताना सापडले. का जमले होते ते? उत्तर यायला २०२३ उजाडलं. तिथल्या भेगांतून कोमट पाणी झिरपतं. आजूबाजूला तापमान दोन अंशांच्याही खाली, घरट्यात मात्र दहाएक अंश. त्यामुळे एरवी जी अंडी फुटायला पाच-आठ वर्षं लागावीत, ती दोन वर्षांच्या आत फुटतात. थोडक्यात, ‘का?’ या प्रश्नाला पाच वर्षं लागू शकतात, हे मुलांना दाखवणारा माझ्या माहितीतला हा सगळ्यात चांगला धडा.

एक मात्र स्पष्ट सांगतो. तयारीशिवाय हे लावलंत तर तो सिनेमा होतो. मावशीने आदल्या दिवशी दाब शिकवला होता: दर १० मीटरला सुमारे एक वातावरण. म्हणून रोबो तळाशी असताना एका मुलीने विचारलं, “मग माशाचा चुरा का होत नाही?” आम्ही प्रश्न जहाजाकडे पाठवला. उत्तर आलं नाही. जगभरातून प्रश्न येत असतात, चालायचंच. मग पोरं आपसातच भांडली. “त्याच्या आतपण पाणीच आहे ना!” असं शेवटी मागच्या बाकावरून आलं. हवेची पोकळी नसेल तर चिरडायला फारसं काही उरत नाही, एवढं मावशीने जोडलं. बास.

करून बघायचं असेल तर: हवामान बिघडलं की रोबो पाण्यात उतरत नाही, त्यामुळे एखादी जुनी क्लिप आधीच डाउनलोड करून ठेवा. रिझोल्यूशन ४८०च्या वर नेऊ नका, डेटा उडतो. वेळेची चिंता नको. जहाज हवाईच्या वेळेवर असेल तर आपले सकाळचे ११ म्हणजे त्यांची आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेसात. आणि रोबो पाण्यात असला की तिकडे रात्रंदिवस चार-चार तासांच्या पाळ्या चालू असतात. मोहिमेच्या काळात शास्त्रज्ञांशी वर्गातून थेट बोलताही येतं, फुकट, पण आधी नोंदणी करावी लागते आणि गप्पा इंग्रजीत. मावशीने यंदा प्रश्न मराठीत लिहून घेतलेत. भाषांतर अर्थातच माझ्या गळ्यात!